पिवळं दिसलं की युरिया

११ नोव्हेंबर

लॉनवर पिवळे डाग पडायला लागलेत. गेटापाशी एक, नवरीच्या खोलीसमोर दोन, टाकीकडं जाताना आणखी. ताटलीएवढे गोल. मधलं गवत भाजल्यासारखं वाळलेलं आणि कडेनं मात्र काळंभोर हिरवं. निलोफरचं लग्न पुढच्या महिन्यात एकवीसला आहे. ह्या सीझनचं आपल्याकडचं पहिलं मोठं लग्न. गौहरबीनं शहरातले हॉल सोडून करमाडच्या पुढं आपल्या लॉनवर पोरीचं लग्न ठेवलं, ते जुन्या ओळखीपायी. तिच्या पाव्हण्यांना हे खरूज झाल्यासारखं गवत दाखवू का?

ही डायरी खताच्या दुकानातून आलेली. बुकिंगच्या तारखा लिहायला ठेवली होती. चौथीपर्यंतच शिकले, पण लिहिता येतं. घरात कुणाशी बोलायची सोय नाही. ह्यांना काही सांगितलं की हे ऐकून घेतात, टोपी घालतात आणि बाहेर जातात.

डाग कुत्र्याच्या मुताचे आहेत, हे मला सांगायला कुणी नको. कुत्रं माझ्या लेकीनं, दीपमालानं आणलंय. दिवाळीला चार दिवस म्हणून आली ती इथंच आहे. पुंडलिकनगरात स्वतःचं घर, नवरा शेंद्र्याला कंपनीत, छळायला सासू नाही, नणंद नाही. आणि ही बाई एक पिशवी आणि एक तांबूस कुत्री घेऊन रिक्षातून उतरली. कुत्रीचं नाव भुरी. मागचा एक पाय उचलून चालती. काय झालं म्हणून विचारलं तर दीपा म्हणाली, जिन्यावरून पडली. कुत्रं कधी जिन्यावरून पडतं का?

डागांवर मूठमूठ युरिया टाकला. कपाशी पिवळी पडली की आम्ही हेच करतो. चार दिवसांत उठंल.

१३ नोव्हेंबर

बाटल्यांत लाल रंगाचं पाणी भरून गेटापाशी, खोल्यांपुढं, टाकीजवळ ठेवलं. लाल पाण्याला कुत्रं भितं म्हणतात. सगळ्या गावात दारोदारी ठेवलेल्या असतात. भुरी आली, बाटली हुंगली आणि तिच्याच शेजारी बसून मोकळी झाली. हे हसले. मला हसू आलं नाही.

दीपा बादली घेऊन पळत आली आणि त्या जागेवर भडाभडा पाणी ओतलं. म्हणती, "आई, लगेच पाणी मारलं की काय होत नाय. जळतं ते त्यातल्या खारानं. युरिया नको टाकू."

मी म्हणाले, जन्म शेतात गेला माझा, तू मला खत शिकवू नको. गप्प बसली. पूर्वीची दीपा अशी गप्प बसणारी नव्हती. एका शब्दाला दोन द्यायची. लग्नानं शहाणी झाली म्हणायची.

पाणी मारताना माझ्या हातून बादली फरशीवर पडली, कडी वाजली. पोरगी केवढी दचकली. दोन्ही हात डोक्यावर. म्हणलं, बादली पडली, आभाळ नाही पडलं.

१७ नोव्हेंबर

गौहरबी येऊन गेली. मंडप कुठं, स्टेज कुठं, बायकांचं जेवण कुठं, सगळं बघितलं. डाग बघून नुसती त्यांच्यावरून चालत गेली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणलं, लग्नापर्यंत गालिच्यासारखं करून देते.

तिचं बांगड्यांचं दुकान आहे. दीपाला लहानपणापासून तीच बांगड्या भरती. पिशवीतून डझनभर घेऊनच आली होती. दीपाला समोर बसवली, हात हातात घेतला, बाही वर सरकवली. मग तशीच खाली ओढून घेतली आणि माझ्याकडं बघितलं. कोपराच्या वर काळंनिळं झालंय. दीपा म्हणाली, बाथरूममधी घसरले. मी म्हणाले, ही लहानपणापासून धांदरट आहे.

जाताना गौहरबीनं मला गेटापाशी धरलं. "सरू, हात धरला की पोरगी खांदा वर घेती. बांगडीला नाय डरत ती."

मी म्हणाले, लाडावलीय, दुसरं काय. तिला तिच्या पोरीच्या लग्नाचं बघायचंय की माझ्या पोरीचं? बांगड्या पण किती सैल घातल्या. हात खाली केला की गळून पडतील.

१८ नोव्हेंबर

थंडी वाढली. पाणी दिलं. बाकी काही नाही.

२१ नोव्हेंबर

डाग उठले तर नाहीतच, उलट वाढले. पहिले होते ते परातीएवढे झाले. आता स्टेजकडं पण फिक्कं दिसायला लागलंय. जिथं जिथं फिक्कं दिसलं तिथं पहाटेच्या दहिवरात मूठमूठ युरिया टाकला. ओल असली की लवकर लागतो.

नवल वाटतं. हे शेत होतं तोवर हरळी खणून खणून आमच्या पाठी मोडल्या. एवढी मुळी राहिली तरी पुन्हा फुटायची. आणि आता हे पोसलेलं, विकत आणलेलं गवत. ते एका कुत्रीच्या मुतानं मरतं.

जावयाचा, विश्वजीतरावांचा फोन आला. फार गोड बोलतात. "मामी, माझी काय तक्रार नाय दीपाबद्दल. त्या कुत्रीनं येडं केलंय तिला. मी जवळ गेलो की अंगावर येती. मला सांगा, नवऱ्यानं बायकोच्या जवळ जायचं नाय का? कुत्रं कुठंतरी सोडून द्या, दीपा आपोआप येती बघा."

स्पीकरवर त्यांचा आवाज आला तशी भुरी पायरीवरून उठली आणि दात दाखवून गुरगुरायला लागली. दोन वर्षं ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्यावर गुरगुरती. दीपा तिला धरून आत गेली आणि दाराला कडी घातली. आपल्याच घरात, भरदिवसा, कडी कशाला?

विचारलं तर म्हणाली, "सवय लागलीय."

२४ नोव्हेंबर

भुरीला शेडमधी बांधलं. दीपाला सांगितलं, लग्न होईपर्यंत कुत्री लॉनवर दिसली तर बघ. तिनं मान डोलावली. सकाळ-संध्याकाळ साखळी धरून बांधाकडं फिरवून आणती. बादली आणि तांब्या बरोबर नेती. येडेपणा नुसता, बांधावर कोण बघतंय?

कुत्री भुंकत नाही. दाराच्या फटीत नाक घालून बसून राहती. भुंकली असती तर बरं वाटलं असतं.

२७ नोव्हेंबर

स्टेजपुढं नवे डाग. कुत्री बांधलेली आणि डाग नवे. म्हणजे माझा डोळा चुकवून दीपाच सोडत असणार. दुसरं कोण?

आज तोंडाला आलं ते सगळं बोलले. लग्नाचा लॉन आमचा, त्यावर आम्ही जगतो, आणि तू नवऱ्याला सोडून एक लंगडं कुत्रं धरून बसलीस. लोक विचारतात तर काय सांगू? किती दिवस सांगू दिवाळीला आली म्हणून?

दीपा म्हणाली, "मी नाय सोडलं तिला. शपथ घेऊ का?"

शपथ नको, म्हणलं, घरी जा.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "भुरी माझ्यासोबत येणार असंल तर जाते." तिच्याशिवाय का नाही, ते सांगेना. माझ्या अंगात दम नाही असली कोडी सोडवायला. मी पाणी द्यायला निघून गेले.

२९ नोव्हेंबर

आज भुरीला माझ्या भावाकडं, मुकुंदवाडीला, कडुबाकडं पाठवली. हे पिकअपमधून घेऊन गेले. दीपा अंघोळीला गेली होती तेव्हाच काढली, उगाच रडारड नको. साखळी ओढली तर कुत्री चारी पाय रोवून बसली. तो लंगडा पण पाय रोवला.

दीपा बाहेर आली, शेडचं दार उघडं बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. विचारलं, "ते कधी येणार?" मी कुत्र्याचं काही बोलले नव्हते आणि जावयाचं पण नाही. तिला कसं कळलं कुणास ठाऊक. म्हणलं, उद्या, रविवार आहे.

तिची पिशवी मीच भरून ठेवली. लांब बाह्यांचेच ब्लाऊज आहेत सगळे. काढलेल्या बांगड्या एका रुमालात बांधल्या.

रात्री खोलीची कडी आतून लावलीय. आज दाराला आतून आणखी काहीतरी ओढून लावलंय, टेबल असंल.

३० नोव्हेंबर

काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळी पाणी द्यायला गेले. उन्हं तिरपी होती म्हणून नीट दिसलं. शेडपासून स्टेजपर्यंत गवतावर एक रेघ गेलीय. जळालेली, पिवळी रेघ. नळाच्या खांबापाशी वळसा घेऊन पुढं गेलेली. आधी वाटलं कुणीतरी गाडी घातली. मग नळाजवळचा तो वळसा बघितला आणि पायच थांबले. मागच्या आठवड्यात युरियाचं पोतं मी ह्याच वाटेनं ओढत नेलं होतं. नळाला अडू नये म्हणून इथंच वळवलं होतं. शेडमधी जाऊन पोतं उलटं केलं. खालचा कोपरा उंदरानं कुरतडलेला.

कुत्रं रेघ ओढत मुतत नाही.

मग एकेक डाग बघत फिरले. गेटापाशीचे, खोल्यांपुढचे, ते भुरीचे. बाकीचे माझे. स्टेजपुढचे तर सगळेच माझे. कुत्रीचा असो की माझा, डाग सारखाच. मधी जळालेलं आणि कडेला काळंभोर हिरवं. दोन्हीत एकच खार. जे जळालं होतं त्याच्यावर मी आणखी तेच टाकत होते, पिवळं दिसलं की मूठ, पिवळं दिसलं की मूठ. आणि दीपा आधीच सांगत होती.

तिथंच बसून राहिले. तेवढ्यात गाडीचा हॉर्न.

विश्वजीतराव आले. कडक इस्त्री, मिठाईचा पुडा. ह्यांच्याशी हसून बोलले, खुर्चीवर बसले आणि आधी शेडकडं बघितलं. "गेली का ब्याद?" हे म्हणाले, गेली. तेव्हा पाय लांब करून बसले.

दीपा चहा घेऊन आली. त्यांनी कप घ्यायला हात पुढं केला. नुसता कप घ्यायला. मी समोरच उभी होते, मी बघितलं. पोरीनं डोळे मिटले आणि कोपर तोंडासमोर धरलं. कप फुटला, चहा त्यांच्या बुटावर.

ते हसले. म्हणाले, "धांदरट आहे नुसती."

तोच माझा शब्द. गौहरबीसमोर मी वापरलेला.

मी म्हणाले, "दीपा, आत जा." ती हलली नाही, त्यांच्याकडं बघायली. मी पुन्हा म्हणाले, "तू माझ्याकडं बघ. आत जा."

ती गेली. मग त्यांना म्हणाले, "पाव्हणं, चहा सांडला, दुसरा होणार नाय. निघा आता."

"मामी, पिशवी तर दारात भरलेली दिसती की."

"मी भरली. मीच सोडीन."

ते उठले. हसू अजून तोंडावर होतं, पण डोळ्यांत नाही. हळू बोलले, ह्यांना ऐकू जाणार नाही इतकं. "विचार करा. लग्नाचा लॉन चालवता तुम्ही. स्वतःची पोरगी नवऱ्यानं टाकलेली घरात बसली तर ह्या गवतावर कोण लग्न लावंल?"

मी म्हणाले, "लॉन माझा हाय. कुणाला आत घ्यायचं ते मी ठरवते."

त्यांनी एक पाऊल घराकडं टाकलं. तेवढ्यात ह्यांनी टोपी घातली. मला वाटलं, झालं, निघाले बाहेर नेहमीसारखे. हे चालत गेले, गेटाचे दोन्ही पल्ले सताड उघडले आणि तिथंच उभे राहिले, जावयाच्या पांढऱ्या गाडीकडं बघत. विश्वजीतराव मिनिटभर थांबले आणि गेले. मिठाई राहिली, ती गाईला घातली.

१ डिसेंबर

भुरीला आणली. कडुबा म्हणाला, कुत्री काही खाईना, तोंड करमाडकडंच करून बसायची. पिकअपमधून उतरली आणि तीन पायांवर पळत घरात गेली.

दीपा बोलली माझ्याशी. बराच वेळ. ते इथं लिहिणार नाही. फक्त पायाचं लिहिते. कुत्री जिन्यावरून पडली नव्हती. मधी आली होती.

बुधवारी शहरात वकीलबाईकडं जायचंय. हे पण येतो म्हणाले.

४ डिसेंबर

सगळे डाग आधी पाण्यानं भरून भरून धुतले, खार खाली जाऊ दे म्हणून. मग जळालेलं गवत मुळासकट उकरलं. खालची माती काढून टाकली, नवी माती, थोडी रेती आणि जुनं कुजलेलं शेणखत घातलं. गवत विकत आणायला गेलं तर थंडीत लागंल की नाही भरवसा नाही. दीपा म्हणाली, "बांधावरची हरळी लावू."

हरळी. जी मी जन्मभर उपटली ती. बांधावर गेले आणि खुरप्यानं तिचे तुकडे काढून टोपलीत भरले. मातीत बोटानं भोक करून एकेक मुळी लावायची आणि दाबायची. दीपा माझ्यासमोर बसून लावत होती. बाही वर केली होती तिनं. मी बघितलं. तिनं मला बघू दिलं.

टाकीच्या मागं रेती टाकून भुरीला एक कोपरा करून दिलाय. सकाळी उठल्याबरोबर तिकडं न्यायचं. लॉनवर बसलीच तर लगेच बादली. लाल बाटल्या सगळ्या काढल्या.

१२ डिसेंबर

हरळीला हिरवे कोंब आलेत. थोडेच, थंडी आहे.

रस्त्यापलीकडं दुपारी पांढरी गाडी उभी होती. काच खाली झाली नाही. दीपा मुळ्यांना पाणी घालत होती, तिच्या हातातला पाईप खाली गेला. भुरी गेटापाशी जाऊन उभी राहिली. मी पण जाऊन उभी राहिले. हातात खुरपं होतं ते तसंच. गाडी बऱ्याच वेळानं गेली. गाडीचा नंबर दीपानं लिहून घेतला, वकीलबाईनं सांगितलंय तसं.

आत येऊन मी तांब्याभर पाणी प्याले. भीती मला पण वाटती. पण आता कशाची ते माहीत आहे.

१९ डिसेंबर

डाग भरले नाहीत. गौहरबीला बोलावून सरळ सांगितलं, गालिच्यासारखं करून देते म्हणाले होते, नाही झालं, आणि निम्मं मीच जाळलंय. तुला दुसरीकडं जायचं असंल तर सांग.

ती डाग बघत उभी राहिली. "बारीक बारीक कोंब हायेत की." मग म्हणाली, "स्टेज इकडं नको, टाकीच्या बाजूला घे. इथं दोरी बांध, कुणी तुडवायला नको. दुल्हन बघायला येतेत लोकं, तेरा गवत कोण देखता?"

मग आत गेली आणि दीपाला हाक मारली. हात हातात घेतला, बराच वेळ नुसता धरून ठेवला. खांदा वर गेला, मग हळूहळू खाली आला. तेव्हा बांगड्या भरल्या. हिरव्या, मापाच्या.

मला काही बोलली नाही. बोलली असती तरी चाललं असतं.

२१ डिसेंबर

लग्न लागलं. दोरीच्या आत एक पाऊल पडलं नाही. दोघी बायका मागं कुजबुजत होत्या, हीच का ती नवऱ्याला सोडून आलेली. दीपानं ऐकलं. त्यांच्याच पंगतीत जाऊन तिनं बिर्याणी वाढली.

पांढरी गाडी आली नाही. मी जेवले नाही, गेटापाशीच होते.

२२ डिसेंबर

आज दीपा उन्हं वर आली तरी उठली नाही. इथं आल्यापासून पहिल्यांदा. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. हळूच बघितलं तर भिंतीकडं तोंड करून गाढ झोपलीय, एक हात पांघरुणाच्या बाहेर.

भुरी माझ्या मागं बाहेर आली आणि रेतीच्या कोपऱ्याकडं न जाता थेट दोरीखालून आत गेली. नव्या हरळीच्या शेजारी जाऊन बसली, माझ्याकडं बघत. शिवी तोंडात आली होती.

बादली नळाखाली भरली. दीपाच्या खिडकीखालूनच जायचं होतं. एका हातानं बादली बुडातून उचलली, दुसऱ्या हातानं कडी धरून ठेवली. वाजू दिली नाही.